रंगाखालचं लोखंड

दौलत, विहारातल्या शोकसभेत मी तुझ्याबद्दल एक शब्दही बोलू शकलो नाही. माझं नाव पुकारलं, मी उठलो, माईकपाशी गेलो, घसा खाकरला आणि परत येऊन सतरंजीवर बसलो. मंडळी हळहळली. ज्याचं तोंड जन्मात कधी बंद झालं नाही, त्या गुलाबची दुःखानं वाचा गेली असं म्हणाली. तुझ्या खाणीतल्या एका जोडीदारानं माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. मी मान खाली घालून बसून राहिलो. दुःख होतंच, ते तुला वेगळं सांगायला नको. पण माईकपाशी माझी जीभ अडली ती दुःखानं नाही, लाजेनं. आणि ती लाज कसली हे त्या सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

आता तुझ्या सुजाताचं लग्न पार पडलं. पोरगी भिवापूरला सासरी सुखरूप पोचली. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, आणि मला मात्र तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. वस्तीतली पोरं तुझ्यावर स्मरणिका काढणार आहेत, त्यांनी माझ्याकडे चार ओळी मागितल्यात. त्या देईन मी. मनमिळाऊ, कष्टाळू, समाजाची कळकळ असलेला, असं जे लिहितात ते लिहून देईन. हे त्यांच्यासाठी नाही. हे तुझंमाझं.

जीपपासूनच सुरू करतो. गेली दोन वर्षं आपण दुसरं बोललो तरी काय होतो? कन्हानच्या खाणीतल्या साहेबांना फिरवायला जी लढाईतली जीप होती, ती तू इतकी वर्षं चालवलीस आणि तुझ्या निवृत्तीच्या आधीच ती मोडीत निघाली. मागच्या आवारात पडून राहिली. तिच्या तळाच्या पत्र्यातून बाभळीचं रोप वर आलं होतं. तू ती ट्रकला बांधून वस्तीत ओढून आणलीस तेव्हा पोरांची जत्रा मागे होती, आणि मी सदर बाजारातलं माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान संध्याकाळचं बंद करून नुकताच घरी आलो होतो. मी म्हणालो, "दौलत, हे भंगार तू घरी काहून आणलं बे?" तू घाम पुसत म्हणालास, "तिनं मले रोज घरी आणलं गा. मी तिले एकदा आणलं तं काय झालं?"

मी सायकल भिंतीला टेकवली आणि ट्रकचा दोर सोडायला लागलो.

तरुणपणी तू मोठ्या लढाईत, ब्रह्मदेशच्या जंगलात अशाच जीपा चालवल्या होत्यास. रात्रीच्या प्रवासात मोठे दिवे लावायची बंदी. डाव्या मडगार्डवरचा टोपी घातलेला एक बारका दिवा, आणि पुढच्या गाडीच्या मागे दिसणारा लाल ठिपका, एवढ्यावर गाडी हाकायची. म्हणून या जीपचा दिव्यांचा स्विचही मुलखावेगळा. बटण बाहेर ओढलं की आधी फक्त ते लपवलेले दिवे लागतात. मोठे दिवे हवे असतील तर बाजूची कळ दाबून बटण आणखी ओढावं लागतं, म्हणजे सैनिकाच्या हातून चुकून उजेड पडू नये. तू हे मला दाखवलंस तेव्हा त्या कळीवर अंगठा ठेवून बराच वेळ बसला होतास.

"तिकडं मोठी बत्ती लावली का गोळी ये," तू म्हणालास. "खाणीत साहेब म्हणे, बॅटरी वाचव. मले एकदा या गाडीच्या दोन्ही बत्त्या पुऱ्या लावून आपल्या दारातून निंघाचं आहे." पुढे सुजाताचं लग्न ठरलं आणि तू सगळ्या सोयऱ्यांना सांगून टाकलंस की पोरगी याच गाडीतून जाणार, दोन्ही बत्त्या लावून. व्याह्यांनासुद्धा सांगितलंस. म्हणजे मग मागे फिरायची सोय राहिली नाही, तुलाही आणि मलाही.

यंत्र तुझं आणि तारा माझ्या, अशी आपली वाटणी. रविवारी सकाळी मी सायकलला पिशवी लटकवून यायचो. जुन्या तारांचं कापडी वेष्टण उंदरांनी खाल्लेलं, हात लावला की भुगा व्हायचा. ते सगळं उपसून मी नवीन तारा ओढल्या. सहा व्होल्टचे बल्ब मिळेनात, तेव्हा आपण कामठीच्या कबाड्याकडे जाऊन एक पेटीभर कचरा चाळला. एकाहत्तरच्या लढाईत खाणीनं पुढच्या दिव्यांच्या काचांना अर्धा काळा रंग फासला होता, तो ब्लेडनं खरवडताना माझं बोट कापलं आणि तू ते तोंडात घातलंस, लहान पोराचं घालावं तसं. मी तुला शिव्या दिल्या. दिव्यांचा हातानं फिरवायचा नट सैल करून मोठे दिवे मागे वळवले की त्यांचा उजेड इंजिनावर पडतो, ही करामत तू येईल त्या पाहुण्याला दाखवायचास. दिवे तेव्हा लागतही नव्हते, तरी दाखवायचास.

आणि ती बॅटरीची गोष्ट. आज ती आठवली की कान गरम होतात. सदरच्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांत मी हात घातलेला, त्यांच्यात बॅटरीचा प्लस गाडीच्या अंगाला जोडलेला असायचा. मी इथंही तसाच जोडला. तू एकदा हळूच विचारलंस, "या गाडीले मायनस अंगाले असते ना गा?" मी म्हणालो, "तू गिअर पाहाय, विजेचं मले शिकवू नको." सुरू केली आणि डायनामोच्या कटआउटच्या डबीतून धूर निघाला. पंधरा दिवसांचं काम जळालं. मला वाटलं, आता हा उद्या चहाच्या टपरीवर, परवा विहारात, जिथे जाईल तिथे सांगणार. तुझ्या जागी मी असतो तर सांगितलं असतं. तू फक्त बॉनेट खाली घेतलंस आणि म्हणालास, "चाल, चहा घेऊ."

तू ते कोणालाही सांगितलं नाहीस. वहिनींनासुद्धा नाही.

आता वहिनींच्या छताची गोष्ट. ही मी तुझ्यादेखत किती वेळा सांगितली असेन कोणास ठाऊक. जीपचं कॅनव्हासचं छत शिवायला द्यायचं तर शिंपी हात लावेना, म्हणून वहिनींनी घरच्या मशीनवर शिवलं. सुया मोडल्या, बोटं सोलली, पण शिवलं. आणि चढवल्यावर कळलं की पावसाचं पाणी बाहेर जायच्या पट्ट्या आतल्या अंगाला आल्यात. मी हसता हसता पोट धरून खाली बसलो. "वहिनी, हे छत पाणी बाहेर नाही, आपल्या अंगावर सोडते," असं म्हणालो. मग ती गोष्ट मी बारशात सांगितली, जेवणावळीत सांगितली, तुझ्या खाणीतले लोक भेटायला आले तेव्हा सांगितली. वहिनींचं नावच मी इंजिनियरबाई पाडलं. "इंजिनियरबाई, चहा कोणत्या अंगानं ओतता?" असं. लोक हसायचे. वहिनीही पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांनी मुकाट्यानं सगळं उसवून पुन्हा शिवलं, ते मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तू त्या वेळी काय करायचास, मी आठवून बघतो. तू हसायचा नाहीस. तू उठून बाहेर जायचास, विडी ओढायला. दमा असून विडी काहून ओढतो म्हणून मी तुझ्यावरच ओरडायचो.

मग रंगाचं काम आलं. मी दिवाळीच्या गडबडीत दुकानात अडकलो होतो, बरेच रविवार आलो नाही. आलो तेव्हा जीप उभी होती हिरवीगार, एकसारखी, कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. कोपऱ्याकोपऱ्यात, नटाच्या मागे, पट्ट्यांच्या खाली रंग पोचलेला. मी तिच्याभोवती फिरलो आणि खरंच मनापासून म्हणालो, "दौलत, हात आहे का काय आहे तुह्या! कंपनीत असा रंग मारत नाहीत." तू घराच्या दाराकडे पाहिलंस आणि खोकलास. मला वाटलं, स्तुतीनं लाजला.

आणि दिवे लागेनात. म्हणजे लागायचे, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लाल. कधी मडगार्डवर थाप मारली की क्षणभर उजळायचे आणि पुन्हा बसायचे. बल्ब चांगले, बॅटरी भरलेली, तारा माझ्या हातच्या. मी सांगितलं, अर्थ खराब आहे, म्हणजे अर्थिंग. तुला माहीत होतंच, तरी मी मास्तरासारखं समजावलं की गाडीतल्या दिव्याला एकच तार जाते. परतीची वाट गाडीच्या लोखंडातून असते. लोखंडाला लोखंड भिडलं नाही तर वीज दिव्यापर्यंत येऊन तिथंच अडते. तू म्हणालास, स्विच. मी म्हणालो, अर्थ. तू म्हणालास, जुना माल आहे, आतली पत्ती झिजली असणार. मी म्हणालो, एक तार बॅटरीच्या मायनसला लावून दिव्याच्या अंगाला टेकवू, आत्ता कळेल, फक्त तिथला रंग जरा खरवडावा लागेल. मी पेचकस काढला आणि तू माझं मनगट धरलंस.

"रंगाले हात नको लावू गा."

इतक्या जोरात धरलंस की मनगटावर बोटं उमटली. हा माणूस रंगाच्या प्रेमात आंधळा झाला, अशी मी तिथंच समजूत करून घेतली. आणि मग, माझ्या स्वभावाप्रमाणे, गावभर केली. टपरीवर, सलूनमध्ये, माझ्या दुकानात रेडिओ घेऊन येणाऱ्या परक्या गिऱ्हाइकालासुद्धा सांगितलं की आमच्या दौलतची जीप रंगानं नटली पण डोळ्यांनी अधू आहे. अर्धी वस्ती अर्थवाली झाली, अर्धी स्विचवाली. तू आपला तो स्विच उघडायचास, पेट्रोलनं धुवायचास, पत्त्या घासायचास, बसवायचास, पुन्हा उघडायचास.

त्या गुरुवारी मी दुकानातून येताना मुद्दाम तुझ्याकडे वळलो. लग्न तोंडावर आलं होतं. म्हणालो, "आता तरी मान्य कर." तू मिशीत हसत होतास. तेच मला सहन झालं नाही, ते हसू. तू म्हणालास, "रविवारी येजो. रविवारी दोन्ही बत्त्या लागतीन. स्विचचाच खेळ आहे, तुले दिसन." मी म्हणालो, "तू आधी मान्य कर, मग येतो." वहिनींनी चहा टाकला होता, तो न घेताच सायकलवर टांग मारली. तू मागून हाक मारलीस. ती मला ऐकू आली होती, दौलत.

शुक्रवारी सकाळी तुला दम लागला. रिक्षा आणेपर्यंत तू गेलास.

घाटावर मी तुझ्या पायांशी उभा होतो. सगळे मेणबत्त्या लावत होते, वंदना म्हणत होते, मीही ओठ हलवत होतो. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. आता अर्थाचं कोणाला दाखवून देऊ? हे चाललं होतं. मी तुझ्यावर रागावलो होतो. वाद अर्धा टाकून उठून जायची तुला कधी सवय नव्हती, आणि नेमका हाच वाद टाकून गेलास. मित्राच्या सरणापाशी उभं राहून असा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

लग्नाचं काय करायचं म्हणून मंडळी बसली. सुजाता म्हणाली, वर्षभर थांबू. वहिनी म्हणाल्या, "सुतक-बितक आपण कधीचं सोडलं. तारीख त्यायनं ठरवली, तारीख बदलणार नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, गाडीच्या बत्त्यांचं तेवढं पाहाल का?" मी हो म्हणालो. माझ्या मनात त्या वेळी पहिली गोष्ट आली ती ही, की आता मला अडवायला कोणी नाही.

दुपारची वेळ होती. सुजाता बांगड्या भरायला गेली होती. टिनाच्या छपराखाली जीप तशीच उभी, तुझ्या पान्यांची पिशवी सीटवर. मी उजव्या दिव्याचा नट सैल केला आणि ज्या लोखंडी पत्तीवर दिवा बसतो तिच्यापासून अलग केला. मधे हिरव्या रंगाचा जाड, गुळगुळीत थर. बोल्टाच्या भोकातसुद्धा ब्रश फिरवलेला. इतकी निगा की लोखंडाला लोखंड कुठेच दिसत नव्हतं. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला लागलो. हिरवी पूड पडली, मग लाल, मग पांढरं स्वच्छ लोखंड. तुझ्या हातचा रंग मी काढतोय, असं एकदा मनात आलं आणि हात थांबला. पण थांबला तो क्षणभरच. दिवा बसवला, नट आवळला, कळ दाबून बटण पूर्ण ओढलं. समोरच्या भिंतीवर एवढा मोठा पिवळा उजेड पडला.

आणि मी ओरडलो. "मी म्हणलो नव्हतो का बे! अर्थ होता, अर्थ!"

वळून पाहिलं. तू नेहमी जिथे उभा राहायचास तिथे, भिंतीला टेकवलेल्या सायकलीपाशी. तिथे तू नव्हतास. दारात वहिनी उभ्या होत्या.

माझ्या जागी कोणी दुसरा असता तर गप्प बसला असता. मी काय केलं ऐक. त्यांनी विचारलं, "काय निंघालं भाऊजी?" आणि मी म्हणालो, "काही नाही वहिनी, दौलतनं रंग जरा जास्तच मारला. जिथं मारू नये तिथंबी मारला. मी सांगत होतो, पण ऐकते कोण?" तुला जाऊन किती दिवस झाले होते रे? आणि मी तुझ्या बायकोपाशी तुझीच तक्रार करत होतो.

वहिनी पायरीवर बसल्या.

"त्यायनं नाही मारला," त्या म्हणाल्या. "मी मारला."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. रंगाच्या वासानं तुझा दमा उसळायचा. पहिल्याच दिवशी तू खोकून खोकून निळा पडलास. मग तू बाहेर ओट्यावर बसून रंग कालवायचास आणि वहिनी मारायच्या, दुपारच्या, मी दुकानात असायचो तेव्हा. एकही जागा सुटू नये म्हणून त्या जीपखाली आडव्या पडून नटांच्या मागे ब्रश घालायच्या. छताच्या वेळी चूक झाली, रंगात होऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आणि तुझ्याकडून वचन घेतलं होतं की गुलाबभाऊजींना कळू द्यायचं नाही.

"बुधवारी त्यायनं तो नट ढिला करून पाहिला," वहिनी म्हणाल्या. "मंग आत येऊन मले म्हणते कसे, अनुसये, तुनं इतका साजरा रंग मारला का करंटालेबी जागा नाही ठेवली! हसून राहिले होते. मी म्हणलं, घासून टाका तुमी, पण भाऊजींले नका सांगू. नाही तं लग्नात साऱ्या पाहुण्यांत माह्या रंगाचीच कथा होईन. तं म्हणे, तू फिकर नको करू. शनिवारी घासतो, रविवारी त्याले बत्त्या दाखवतो अन् सांगतो का स्विच होतं. त्याले काय समजते?"

त्या थोडं हसल्या. मग डोळ्यांना पदर लावला.

"ते गेल्यावर मीच घासणार होती, भाऊजी. पण माह्यानं गाडीले हात लावणं होईना."

मी म्हणालो, "वहिनी, मले सांगायचं ना. मी काय कोणाले..." माझं मलाच ते वाक्य खरं वाटेना.

"तुमी वाईट नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं. "तुमी आमच्यासाठी किती करता. पण तुमी बोलता."

एवढंच. राग नाही, टोमणा नाही. मला कोणी भर चौकात चपलेनं मारलं असतं तर इतकं लागलं नसतं. मी जन्मभर समजत होतो की माझ्या बोलण्यानं तुझ्या घरात रौनक येते. मी आलो की घर हसतं. आणि त्या घरातली बाई माझ्या भीतीनं दुपारचा रंग मारत होती, आणि माझा मित्र माझ्यापासून बायकोला वाचवण्यासाठी महिनोन् महिने एक चांगला स्विच उघडत होता आणि मिटत होता. आधी तू अंदाजानं उघडत असशील. पण त्या गुरुवारी तुला सगळं माहीत होतं. मी अंगणात ओरडत होतो, तुला मूर्ख म्हणत होतो, आणि तू मिशीत हसत होतास. तू हरायला तयार नव्हतास असं मला वाटलं. तू तर बुधवारीच हरून मोकळा झाला होतास, आणि ते माझ्यापाशी कबूल करण्याची सोय मीच ठेवली नव्हती. बॅटरीच्या वेळी मी मात्र तुझ्या घरात निर्धास्तपणे चुकू शकलो. तुझ्या बायकोला माझ्यासमोर चुकायची मुभा नव्हती.

त्यानंतरच्या शोकसभेत हे मी कसं सांगू? माझ्याबद्दलचं सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर वहिनींचा रंग सांगावा लागतो.

डावा दिवा राहिला होता. मी पॉलिश पेपर उचलला, आणि वहिनी उठून आल्या, त्यांनी तो माझ्या हातून घेतला. "दाखवा कुठं घासाचं ते," म्हणाल्या. मी बोटानं दाखवलं. त्या घासू लागल्या. हिरवी पूड त्यांच्या पातळावर पडत होती, ती त्या झटकत नव्हत्या. मी दिवा हातात धरून उभा होतो. तोंडाला कितीतरी गमती येत होत्या, दौलत. खोटं कशाला सांगू, सवय आहे. एकही बोललो नाही. त्यांनी सावकाश, गोल, बोल्टाच्या आकारापुरतंच घासलं, त्याच्या बाहेर एक रेघ गेली नाही. मग मी दिवा बसवला आणि त्यांना म्हणालो, "बटण तुमी ओढा." कळ दाबावी लागते हे मला सांगावं लागलं नाही. तू त्यांना ते कधीतरी दाखवलं असशील.

लग्न साधंच झालं. बुद्धाच्या तसबिरीपुढे दोघांनी हार घातले, मंडळींनी फुलांच्या पाकळ्या उधळल्या, मग सुजातानं तुझ्या फोटोपाशी मेणबत्ती लावली. दिवस कलला तशी जीप दारात लावली. कन्हानच्या तुझ्या जोडीदारानं चालवायला घेतली. सुजाता आणि जावई मागे बसले. त्यानं बटण ओढलं आणि दोन्ही मोठे दिवे पूर्ण लागले, थेट वस्तीच्या टोकापर्यंत. बायका रडत होत्या, पोरं त्या उजेडात नाचत होती. ते तू पाहायला हवं होतंस, एवढंच म्हणतो. मी तिथं उभा राहून रडलो, आणि ते रडणं मात्र नुसतं तुझ्यासाठी होतं.

तेवढ्यात कोणीतरी विचारलंच. विचारणारच होते, वाद तर मीच घरोघर पोचवला होता. "काय गा गुलाबराव? अखरीले काय निंघालं? अर्थ का स्विच?" भोवती पंधरावीस माणसं जमली, खाणीतली, वस्तीतली, भिवापूरची व्याह्यांकडची. वहिनी सुजाताच्या डोक्यावरचा पदर नीट करत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण हात थांबला.

"स्विच," मी म्हणालो.

"म्हणजे दौलतचं बरोबर होतं?"

"हो. दौलतचं बरोबर होतं."

मोठा हशा पिकला. गुलाबराव हरले, गुलाबराव हरले म्हणून पोरांनी ओरडून घेतलं. वहिनींनी पोरीचा पदर सारखा केला. जीप हलली, उमरेडच्या रस्त्याला लागली, आणि लोक माझी टर उडवत राहिले. मी त्यांना उडवू दिली.

इतक्या वर्षांत मी तुला कधी एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं, दौलत. आता पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही खोटं.